चारही पाय जमिनीवर: अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला वळण कसे लावाल?

"घाबरू नका, काही करत नाही तो!" अंधेरी असो की बोरिवली, घाटकोपर असो की मुलुंड, सोसायटीच्या लॉबीत हे वाक्य रोज कानावर पडते. लिफ्टचे दार उघडते, आठ-दहा महिन्यांचा लॅब्रॅडॉर बाहेर झेपावतो, समोर उभ्या असलेल्या बाईंच्या साडीवर चिखलाचे दोन पंजे उमटतात आणि पट्ट्यामागून ओढला जाणारा मालक हसून हे वाक्य म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. कुत्रा खरोखरच चावायला आलेला नसतो. पण पंचवीस किलोंचे वजन छातीवर आदळले की सत्तरीतल्या माणसाचा तोल जायला तेवढे पुरते. आणि कुत्र्याची धास्ती घेतलेल्या लहान मुलाला त्याचा हेतू कळत नसतो.

कुत्रा पाळणाऱ्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. ओरडावे की दुर्लक्ष करावे? मोठा झाला की आपोआप थांबेल का? गुडघा मारा, असे कुणी सांगते. ते बरोबर आहे का? सोसायटीने लिफ्टबंदीची नोटीस लावली तर काय करायचे? या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, कारण ही सवय घरात लागते आणि तिचा त्रास दारात, जिन्यात आणि लिफ्टमध्ये इतरांना होतो.

उडी का मारली जाते?

पिल्लू मोठ्या कुत्र्यांच्या तोंडाशी जाऊन त्यांचे स्वागत करते. माणसाचे तोंड पाच फुटांवर असते, म्हणून ते उडी मारते. दोन महिन्यांचे असताना आपण त्याला उचलून घेतो, कुरवाळतो, कौतुक करतो. तेच पिल्लू आठ महिन्यांचे झाल्यावर आपण त्याला ढकलतो आणि ओरडतो. पण ढकलताना हात अंगाला लागतो, ओरडताना आपण त्याच्याकडे बघतो. दिवसभर घरच्यांची वाट पाहणाऱ्या कुत्र्याला तेवढे लक्षही पुरेसे असते.

म्हणून सगळा भर एकाच गोष्टीवर ठेवावा लागतो. उडी मारून काहीही मिळता कामा नये आणि चारही पाय जमिनीवर असताना हवे ते सगळे मिळायला हवे. अर्ध्याच गोष्टीवर काम केले तर फरक पडत नाही. नुसते दुर्लक्ष केले तर काय करायला हवे हे कुत्र्याला समजत नाही, आणि नुसता खाऊ दिला तर तो उडीही मारतो आणि खाऊही खातो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या भूमिकेतही सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेलीच शिकवण सुचवली आहे.

वय वाढले की हे आपोआप थांबेल, या भरवशावर राहू नका. साधारण सहा ते अठरा महिने हा कुत्र्याचा वयात येण्याचा काळ. या काळात वजन आणि ताकद वाढते, आणि रोज पक्की होणारी सवय पुढेही टिकते. नसबंदीचे इतर फायदे आहेत, पण तेवढ्याने उड्या थांबत नाहीत.

सुरुवात करण्याआधी

- एकच शब्द ठरवा. आजी "खाली" म्हणतात, बाबा "डाउन" म्हणतात, मुलगी "नो" म्हणते आणि "डाउन" हाच शब्द कुत्र्याला आडवे व्हायलाही शिकवलेला असतो. अशाने कुत्रा गोंधळतो. "बस" किंवा "सिट", जो काही शब्द ठरेल तो सगळ्यांनी वापरावा. शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावला तरी चालेल.
- सगळ्यांसाठी एकच नियम ठेवा. संध्याकाळी बाबांच्या टी-शर्टवर उडी मारलेली चालते आणि सकाळी ऑफिसच्या कपड्यांवर चालत नाही, हा फरक कुत्र्याला कळत नाही.
- खाऊ लहान ठेवा. उकडलेल्या चिकनचे, पनीरचे किंवा अंड्याचे शेंगदाण्याएवढे तुकडे पुरतात. काकडी किंवा गाजर आवडत असेल तर उत्तमच. सारखी गोड बिस्किटे देणे टाळा. मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला घातक आहेत. सरावात दिलेला खाऊ रोजच्या जेवणातून वजा करा.
- फिरणे आणि हुंगणे वाढवा. दिवसभर वन बीएचकेमध्ये कोंडलेल्या तरण्या कुत्र्याकडून संयमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. सकाळ-संध्याकाळ फिरवताना त्याला थांबून हुंगू द्या. घरात ओल्या टॉवेलच्या घडीत खाणे लपवून शोधायला लावा. मे महिन्यात फिरणे ऊन चढण्याआधी किंवा उतरल्यावरच ठेवा.
- निसरडी फरशी झाका. गुळगुळीत टाइल्सवर उड्या मारणाऱ्या वाढत्या कुत्र्याचे सांधेही दुखावतात. दाराजवळ न सरकणारे पायपुसणे किंवा जुनी सतरंजी घाला. पुढच्या सरावात हीच त्याची बसायची जागा होईल.

घरातला सराव: सहा पायऱ्या

एका वेळी तीन ते पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, एवढा सराव पुरतो. एक पायरी जमल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

1. शांत खोलीत "बस". खाऊ कुत्र्याच्या नाकाजवळ धरून हात हळूच डोक्यामागे न्या. मान वर जाते, पार्श्वभाग खाली टेकतो. टेकताक्षणी "शाबास" म्हणा आणि खाऊ द्या. हात फार उंच गेला तर कुत्रा त्याच्यामागे उडी मारतो, म्हणून हात त्याच्या नाकापासून दूर जाऊ देऊ नका.

2. खाऊ जमिनीवर. कुत्रा चार पायांवर उभा असताना किंवा बसलेला असताना खाऊ त्याच्या पंजांपुढे फरशीवर ठेवा. हा बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वरून भरवले की कुत्र्याची नजर हातांकडे जाते आणि अंग वर उचलले जाते. खाऊ खाली मिळू लागला की माणूस जवळ आल्यावर त्याची मान आपोआप खाली वळते.

3. घरच्यांचे घरात येणे. बाहेरून आल्यावर गाजावाजा करू नका. कुत्रा उडी मारत असेल तर हात छातीशी घ्या, नजर वळवा, बोलू नका. मोठा कुत्रा पाठीवरही चढतो, तेव्हा नुसते वळून भागत नाही. अशा वेळी दार लोटून अर्धा मिनिट बाहेर थांबा आणि पुन्हा आत या. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाली वाका, छातीवर किंवा कानामागे शांतपणे हात फिरवा. पंजे पुन्हा उचलले गेले तर हात काढून घ्या.

4. बेल आणि सतरंजी. बेल वाजली की दाराकडे धावायचे, हे कुत्र्याच्या डोक्यात पक्के बसलेले असते. ते बदलायला बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. आधी हळू आवाजात वाजवा आणि लगेच सतरंजीवर खाऊ टाका. काही दिवसांत बेल ऐकली की कुत्रा सतरंजीकडे बघू लागतो. मग आवाज वाढवा. मग घरातल्याच कुणाला बाहेर जाऊन खरी बेल वाजवायला सांगा.

5. सेफ्टी डोअर. मुंबईतल्या बहुतेक फ्लॅटना जाळीचे दुसरे दार असते आणि या सरावाला त्याहून चांगले साधन नाही. ओळखीच्या शेजाऱ्याला बोलवा. आतले दार उघडा, सेफ्टी डोअर बंदच ठेवा. कुत्रा जाळीवर पंजे टाकेल, भुंकेल. शेजाऱ्याने बाजूला बघत शांत उभे राहायचे, तुम्हीही बोलायचे नाही. पंजे खाली आले की शेजाऱ्याने एक पाऊल पुढे यायचे आणि तुम्ही सतरंजीवर खाऊ ठेवायचा. पंजे पुन्हा जाळीवर गेले की शेजाऱ्याने एक पाऊल मागे जायचे. चार-पाच फेऱ्यांत कुत्रा थबकायला लागतो: माणूस कधी जवळ येतो आणि कधी मागे जातो, याचा तो अंदाज घेऊ लागतो. तो थबकला की सराव थांबवा आणि उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

6. पट्टा बांधून पाहुणा आत. आता सेफ्टी डोअर उघडा, पण कुत्र्याला हार्नेस आणि पट्टा असू द्या. पट्ट्यावर पाय असा ठेवा की कुत्रा आरामात उभा राहू शकेल, बसू शकेल, पण उडी मारू शकणार नाही. पट्टा ताणलेला नको. पाहुण्याने कुत्रा बसल्यावरच हात पुढे करायचा, तोही खालून, हनुवटीकडे.

सहाव्या पायरीवर कुत्रा आठवडाभर नीट वागला की खाऊ हळूहळू कमी करा. प्रत्येक वेळी न देता कधी दुसऱ्या, कधी पाचव्या वेळी द्या. शाबासकी आणि स्पर्श मात्र प्रत्येक वेळी हवा.

पहिल्या आठवड्यात उड्या वाढल्या तर

त्या वाढतातच. इतके दिवस हमखास चालणारा उपाय एकाएकी चालेनासा झाला की कुत्रा तोच उपाय अधिक जोराने करून बघतो. उंच उड्या मारतो, भुंकतो, बाही धरतो. नेमक्या याच दिवसांत घरातले कुणीतरी कंटाळून त्याला जवळ घेते आणि कुत्रा शिकतो की अधिक जोर लावला की काम होते. हे दिवस सगळ्यांनी मिळून निभावून न्यायचे असतात. तेवढ्या काळात पाहुणे बोलवू नका आणि सोसायटीत फिरवताना गर्दीची वेळ टाळा.

लिफ्ट, लॉबी आणि जिना

घाटकोपरच्या पंतनगरसारख्या वसाहतींतल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, आणि जिन्यात बाजूला होण्याची सोय लिफ्टमध्ये राहत नाही.

- लिफ्ट येण्याआधी दारापासून दोन-तीन पावले मागे, एका बाजूला उभे राहा. उघडणाऱ्या दारासमोर कुत्र्याला उभे करू नका.
- आत कुणी असेल तर "येऊ का?" असे विचारा. समोरचा गप्प राहिला तरी नकार समजून पुढच्या फेरीची वाट पाहा.
- आत गेल्यावर कुत्र्याला मागच्या कोपऱ्यात घ्या आणि तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहा. मजल्यामजल्यावर दार उघडताना त्याचे तोंड तुमच्याकडे असू दे आणि खाऊ त्याच्या पंजांपाशी पडत राहू दे.
- पट्टा आखूड आणि हातात घट्ट हवा. लांबत जाणारा पट्टा लॉबीत वापरू नका. कुत्रा आत आणि पट्टा दारात अडकलेला, असा प्रसंग जिवावर बेतू शकतो.
- कुणी "असू दे हो, मला कुत्रे आवडतात" म्हणत दोन्ही हात पसरले, तरी नम्रपणे थांबवा: "त्याला शिकवतोय. तो बसला की मगच हात लावाल का?" प्रेमळ माणसेच उडीचे सर्वांत जास्त लाड करतात.

हे टाळा

- छातीत गुडघा मारणे, मागच्या पायांवर पाय देणे, पुढचे पंजे पिरगळणे. जुन्या काळी असे सल्ले सर्रास दिले जात. यात कुत्र्याला इजा होते, आणि माणूस जवळ आला की दुखते हेही तो शिकतो. अशी भीती पुढे चावण्यापर्यंत जाऊ शकते.
- गळा आवळणाऱ्या साखळ्या आणि विजेचा झटका देणारे पट्टे. प्राण्याला मारहाण करणे आणि विनाकारण वेदना देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे.
- उडी मारल्यावर "बस" म्हणून लगेच खाऊ देणे. चलाख कुत्रा उडी, बैठक, खाऊ अशी साखळीच पाठ करतो. उडी झालीच तर काही क्षण जाऊ द्या आणि चार पायांवरची शांतता दिसली की मग द्या.
- बाल्कनीत कोंडणे. उन्हात किंवा पावसात ग्रिलमागे ठेवलेला कुत्रा आत येतो तेव्हा दुप्पट अनावर असतो.

गणपती आणि पावसाळा

घरी गणपती असेल तर दिवसभर दार उघडे, माणसांची रीघ आणि खालच्या पाटावर प्रसाद असतो. नवशिक्या कुत्र्याची परीक्षा घेण्याचा हा दिवस नव्हे. सकाळी त्याला लांब फिरवून आणा, आतल्या खोलीत पाणी, अंथरूण आणि चघळायला काहीतरी देऊन ठेवा आणि खोलीच्या दारावर "कुत्रा आत आहे, दार उघडू नये" अशी चिठ्ठी लावा. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एखाद्या ओळखीच्या पाहुण्याशी पट्ट्यावर भेट घडवा.

पावसाळ्यात छत्र्या, रेनकोट आणि ओल्या फरशीने गोंधळ वाढतो. समोर फटकन उघडलेल्या छत्रीने काही पिल्ले दचकतात, काही झेपावतात. घरात जमिनीवर उघडी छत्री ठेवून तिच्याभोवती खाऊ पसरा, म्हणजे तिची सवय होईल. दाराशी टॉवेल ठेवा आणि पाय पुसताना "बस" करायला लावा. सरावाची ती रोजची आयती संधी असते.

दारात येणाऱ्यांना "नको" म्हणता येत नाही

पाहुणा नापसंती दाखवू शकतो. घरकामाच्या ताई, कचरा न्यायला येणारी व्यक्ती, दूधवाला, पार्सल आणणारा मुलगा यांना ती सोय नसते. कुत्रा अंगावर येतो म्हणून घर सोडले तर ताईंचे उत्पन्न जाते, आणि पार्सल न देता परत गेले तर मुलाला जाब विचारला जातो. ते हसून साजरे करतात म्हणून त्यांना चालते, असे समजू नका.

बेल वाजल्यावर आधी कुत्र्याला पट्टा लावा किंवा आतल्या खोलीत न्या, मगच दार उघडा. ताईंना स्पष्ट विचारा: कुत्र्याची भीती वाटते का? वाटत असेल तर त्यांच्या कामाच्या वेळी कुत्रा दुसऱ्या खोलीत राहील, हे आधीच ठरवा. त्या तयार असतील तर सरावात घ्या. रोज ठरावीक वेळी येणारी, शांत वागणारी व्यक्ती कुत्र्याला शिकवायला फार उपयोगी पडते.

कायदा काय सांगतो?

कुत्रा पाळणाऱ्यांचे हक्क

- भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही.
- कुत्र्याला लिफ्टमध्ये नेण्यास मनाई करता येत नाही आणि त्यासाठी वेगळे शुल्कही लावता येत नाही. तोंडाला जाळी बांधण्याची सक्ती करता येत नाही, मात्र सामाईक जागेत पट्टा लावण्याची सूचना आहे.
- इमारतीच्या नियमावलीतील सरसकट पाळीव प्राणीबंदी केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बेकायदा ठरवली.
- नोटीस आली तर वाद न घालता लेखी उत्तर द्या. मंडळाच्या सूचनांची प्रत, लसीकरणाचा दाखला आणि पालिकेचा परवाना सोबत जोडा.

जबाबदाऱ्या

- मुंबई महानगरपालिकेचा श्वान परवाना घेणे आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करणे बंधनकारक आहे. अंधेरी पश्चिम के पश्चिम विभागात, बोरिवली आर मध्यमध्ये, मुलुंड टी विभागात आणि घाटकोपर एन विभागात येते. परवान्यासाठी रेबीजची लस घेतलेली असावी लागते.
- १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या प्राण्यापासून जीविताला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाड मोडणे ही याच संहितेच्या व्याख्येनुसार गंभीर दुखापत आहे. उडीमुळे ज्येष्ठ नागरिक पडून खुब्याचे हाड मोडले तर "तो खेळत होता" हे उत्तर पुरणार नाही.

लिफ्टमधल्या आग्रहाची किंमत किती असू शकते, हे वरळीतल्या एका प्रकरणात दिसले. आपला लहान मुलगा कुत्र्याला घाबरतो, म्हणून कुत्रा आत आणू नका, अशी विनंती रहिवाशाने केली होती. मालकाने तरीही कुत्र्याला लिफ्टमध्ये ओढले आणि कुत्रा त्या रहिवाशाला चावला. घटना २०१८ ची. मे २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. लिफ्ट वापरण्याचा हक्क कायम आहे, पण समोरचा "नको" म्हणतो तेव्हा एक फेरी थांबण्यात काही बिघडत नाही.

उडीत नख लागले तर

जखम लहान दिसली तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नका. रक्त आले नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि कुत्र्याच्या लसीकरणाचा दाखला सोबत न्या. लस द्यायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. महापालिकेच्या रुग्णालयांत रेबीज प्रतिबंधक लस मोफत मिळते. कुत्रा तुमचा असेल तर जखमी व्यक्तीला तुम्हीच घेऊन जा.

मदत कधी घ्यावी आणि कोणाची?

खेळकर उडीत कुत्र्याचे अंग सैल असते, शेपटी आणि कंबर सोबत हलतात. अंग ताठ, नजर रोखलेली, पाठीवरचे केस उभे, गुरगुर किंवा ओठ वर उचललेला दिसला तर तो उत्साह नव्हे. वरचा सराव तिथेच थांबवा आणि आधी पशुवैद्याकडे जा. एरवी शांत असलेला कुत्रा एकाएकी असा वागू लागला तर त्याला कुठेतरी दुखत असण्याचीही शक्यता असते.

कुत्रा खेळकरच आहे, पण महिना-दीड महिना सगळ्यांनी एकसारखा सराव करूनही उड्या कमी झाल्या नाहीत, तर प्रशिक्षक गाठा. फी ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारा: कुत्रा बरोबर वागला तर तुम्ही काय करता, चुकला तर काय करता, आणि सरावाच्या वेळी आम्ही समोर थांबलो तर चालेल का? दुसऱ्या उत्तरात साखळी, झटका किंवा "धाक" आला, किंवा तिसऱ्याला नकार मिळाला, तर दुसरा प्रशिक्षक शोधा.

कुत्र्याला महिनाभर केंद्रात ठेवून "शिकवून" परत देणाऱ्यांच्या बाबतीतही जपून राहा. केंद्रात शांत बसणारा कुत्रा घरी येऊन पहिल्याच बेलला उडी मारतो, कारण ते दार, ती माणसे आणि त्यांच्या सवयी आहेत तशाच राहिलेल्या असतात. प्रशिक्षकाला घरीच बोलवा आणि पहिल्या भेटीची वेळ अशी ठरवा की आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सगळे हजर असतील आणि कामाला येणाऱ्या ताईंनाही दहा मिनिटे थांबता येईल.